बिनशिक्क्याचा डबा

चावी फिरवली आणि व्हॅन अशी काही गरजली, की समोरच्या टपरीवरचा चहावाला भांडं हातात धरूनच मागे सरकला. माधुरीनं घाबरून चावी उलटी फिरवली. थोडं थांबून पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. पंतनगरच्या त्या झोपलेल्या गल्लीत आवाज घुमला आणि वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

ती खाली उतरली. ओढणी खोचून, मोबाईलचा उजेड धरून गाडीखाली वाकली. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी नळीच नव्हती. दोन्ही टोकांना ताजं कापलेलं लोखंड चकाकत होतं.

"सायलेन्सर नेला वाटतं," चहावाला जवळ येऊन म्हणाला. "परवा गार्डनपाशी एक व्हॅन उभी होती, तिचा पण असाच नेला."

"सायलेन्सर नेऊन काय करतात?"

"काय माहीत, ताई. भंगारात देत असतील."

माधुरीनं पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला, की आज गाडी येणार नाही. तीन वर्षांत असा निरोप तिनं एकदाही टाकला नव्हता. आधी ही व्हॅन तिचा नवरा शिवदास चालवायचा. त्याच्या कमरेचं दुखणं वाढलं, क्लच दाबताना पाय बधिर पडायला लागला, तेव्हा घरात सगळे म्हणाले, गाडी विकून टाका. माधुरी म्हणाली, मी शिकते. लहानपणी जालन्याला काकांच्या ट्रॅक्टरवर बसली होती, तेवढीच तिची चाकांशी ओळख. पण शिकली, ड्रायव्हरचा बॅज मिळवला, आणि शाळेसमोरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये एकटी बाई ड्रायव्हर झाली. मुलींचे आईबाप तिच्याकडे आपणहून यायचे. शिवदास आता पवईला एका ऑफिसच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचा आणि तिथल्या लोकांना अभिमानानं सांगायचा, "आमची मिसेस स्कूल व्हॅन चालवते."

तशीच गडगडत गाडी तिनं गोळीबार रोडला गुणाजीच्या गॅरेजात नेली. गुणाजी कुडाळकडचा, शिवदासचा जुना दोस्त. त्यानं गाडीखाली एक नजर टाकली आणि मान हलवली.

"नुसता सायलेन्सर नाय गो बाय. त्याच्या अंगालाच कॅट असतो, तो हवा असतो त्यांना."

"कॅट म्हणजे?"

"डबा. आत बारीक भोकांची जाळी. इंजिनातला विषारी धूर त्या जाळीतून जातो, न् साफ होऊन बाहेर पडतो. जाळीला महाग धातूचा हात मारलेला असतो. चोर ती फोडतात, माती करतात न् माती विकतात."

"मग नवीन टाक."

"कंपनीचा मागवावा लागेल. इतक्या गाड्यांचे गेलेत, की नंबर लागलाय. महिना कुठं गेला नाय. जास्तच."

"महिनाभर पोरं कशी नेऊ मी?"

गुणाजी आत गेला आणि फळीवरून एक नवाकोरा सायलेन्सर घेऊन आला. त्याच्या अंगावरच्या फुगीर भागावर त्यानं पान्यानं टिचकी मारली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

"हा लोकल. आज दुपारपर्यंत बसेल. पण खरा सांगतो, मागून मला बोल लावू नको. हा डबा वरून कॅटसारखा दिसतो, आत जाळी नाय. कायद्यानं हा चालत नाय. एकतर कंपनीनं गाडी पास करताना लावला तसाच पाहिजे, नायतर सरकारमान्य टेस्टिंगमधनं पास झालेला, अंगावर नंबर ठोकलेला. ह्याच्यावर काय आहे? कोरा. त्यात तुझी शाळेची गाडी. आरटीओच्या लक्षात आलं, तर फिटनेस सर्टिफिकेट गेलं."

"लक्षात येतं?"

"खाली वाकून बघितलं तर. कोण वाकतो?"

माधुरी फळीला टेकून उभी राहिली. महिनाभर गाडी बंद म्हणजे मुलं दुसऱ्यांच्या गाड्यांत जाणार, आणि एकदा गेलेलं मूल वर्ष संपेपर्यंत परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. मुलाची, सम्यकची, बारावी होती. शिवदासची कंबर होती.

"मुलांना काही होणार नाही ना?"

गुणाजीनं मान वर केली नाही. "काचा उघड्या ठेव. थोड्या दिवसांचा तर प्रश्न."

"लाव," ती म्हणाली. मग घाईनं म्हणाली, "पण कंपनीचा पण सांगून ठेव. आला की त्याच दिवशी बदलू."

या शेवटच्या वाक्याचा तिला पुढे बरेच दिवस आधार वाटत राहिला.

गाडी पुन्हा रस्त्यावर आली. आवाज थोडा जाड झाला होता, पण कुणी विचारलं नाही. वास मात्र यायचा. सिग्नलला उभं राहिलं, की मागच्या दाराच्या झिजलेल्या रबरातून काहीतरी उग्र, डोळ्यांना झोंबणारं आत यायचं. पुढे बसलेल्या माधुरीला ते कमी जाणवायचं. मागे बसणाऱ्यांना जास्त.

मागे बसायची श्रुतिका. चौथीतली, बारीक, चष्म्याची. कन्नमवारनगरचा तिचा स्टॉप पहिला, त्यामुळे गाडी रिकामी असताना ती थेट मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायची आणि शाळा येईपर्यंत काचेतून बाहेर बघत स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची. तिला दमा होता. तिची आई अक्षता अंधेरीला एअरपोर्टच्या कार्गो ऑफिसात कामाला होती आणि वडील पुण्याला, शनिवार-रविवारी येणारे. हायवेच्या कडेला नव्या मेट्रो मार्गाचं काम चालू होतं, सगळीकडे सिमेंटची धूळ. अक्षतानं वर्षाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं, "माधुरीताई, तिची काच तेवढी लावलेली ठेवा हं. धूळ गेली की तिला लगेच त्रास होतो."

गुणाजी म्हणाला होता, काचा उघड्या ठेव. अक्षता म्हणाली होती, लावलेली ठेव. माधुरीनं मधला मार्ग काढला. इतरांच्या काचा उघड्या, श्रुतिकाची बंद.

"मावशी, कसला तरी वास येतो," श्रुतिका एकदा म्हणाली.

"ट्रकचा असेल गं."

दोन-तीन दिवसांनी ती म्हणाली, "माझं डोकं दुखतंय."

"दूध न पिता निघालीस ना?"

"प्यायले."

त्या दिवशी घरी जाताना माधुरीनं दुकानातून गाडीत टांगायचा सुगंध आणला. लिंबाचा. एक आरशाला अडकवला आणि दुसरा मागे, श्रुतिकाच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी मुलं म्हणाली, "मावशी, काय मस्त वास येतोय." माधुरी हसली. पुढे सिग्नल सुटला होता.

डिसेंबर सरत आला होता. सकाळी धुरकट गारवा असायचा. त्या दिवशी मेट्रोच्या कामासाठी सर्व्हिस रोडची एक बाजू बंद केली होती आणि गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. व्हॅनमध्ये श्रुतिका आणि आणखी चार मुलं. पुढे सिमेंटचा मिक्सर, बाजूला बस. सगळीकडून धूळ येत होती म्हणून मुलांनीच आपापल्या काचा लावून घेतल्या. माधुरीला ते दिसलं. ती काही बोलली नाही. इंजिन चालू होतं. रांग आत्ता हलेल, मग हलेल, असं वाटत होतं.

"मावशी, श्रुतिका उलटी करतेय."

तिनं मागे वळून पाहिलं. श्रुतिका पुढे वाकली होती. तिचे खांदे वर-खाली होत होते, पण श्वास आत जात नव्हता. ओठ कसेतरीच दिसत होते.

माधुरी उतरली, मागचं दार उघडलं. दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातून दम्याचा पंप काढून तिच्या तोंडाला लावला. एकदा, पुन्हा एकदा. फरक पडेना. तिनं श्रुतिकाला उचललं. सिग्नलच्या ट्रॅफिक हवालदाराला ओरडून सांगितलं, "साहेब, बाकीच्या मुलांपाशी थांबा," आणि अडकलेल्या गाड्यांच्या मधून ती पळत सुटली. पुढच्या वळणावर एक नर्सिंग होम होतं. एरवी पायऱ्या चढताना धापा टाकणारी ती बाई त्या मुलीला छातीशी धरून आत शिरली, तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली.

अक्षता आली तेव्हा श्रुतिकाच्या तोंडावर मास्क होता आणि डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाले, "या दिवसांत हेच चालू आहे. गारवा, धूळ, त्यात गाड्यांचा धूर. बरं झालं वेळेवर आणलंत. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं."

अक्षतानं माधुरीचे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही नसता तर…" माधुरीला आपले हात सोडवून घ्यायचे होते. तिच्या बोटांना लिंबाचा वास येत होता. श्रुतिकाला उचलताना वर टांगलेला तो सुगंध तिच्या हाताला लागून फुटला होता.

त्याच संध्याकाळी तिनं दोन्ही सुगंध काढून टाकले आणि पालकांना कळवलं, की गाडीचं मोठं काम निघालंय, काही दिवस गाडी बंद. कुणी रागावलं नाही. उलट ग्रुपवर हात जोडलेले, फुलांचे निरोप आले. एकानं लिहिलं, 'माधुरीताई, तुम्ही आमच्या मुलांची दुसरी आई आहात.' तिनं फोन पालथा ठेवला.

शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिका सुलक्षणाबाई म्हणाल्या, "तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. दरवर्षी आपण एका कर्तबगार बाईचा सत्कार करतो. यंदा तुमचा करायचं ठरलंय. पालकांनीच सुचवलं. तुम्ही दोन शब्द बोला."

माधुरी 'बरं' म्हणाली आणि बाहेर आली. जिन्यात सावित्रीबाईंचा मोठा फोटो होता. तसाच फोटो तिच्या घरी होता, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या शेजारी. तिच्या सासूनं आणलेला. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सासूनं तिला आधी त्या तीन फोटोंपुढे उभं केलं होतं आणि मग घर दाखवलं होतं. जिन्यातल्या फोटोकडे न बघता ती खाली उतरली.

रात्री जेवताना तिनं शिवदासला सांगितलं.

"मी नाही जाणार तिथं."

"का? चांगलं बोलावतायत तर जा. शाल घे, नमस्कार कर, ये."

"तिला त्रास कशानं झाला, मला माहीत आहे."

"डॉक्टर धूळ म्हणाले ना?"

"डॉक्टरांना डब्याचं कुठं माहीत होतं?"

शिवदासनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "हे बघ, गाडी थांबवलीस ना? बस झालं. आता सांगून काय होणार? लायसन्स जाईल, सगळ्याची वाट लागेल. आपण मुद्दाम केलं का?"

"मुद्दामच केलं," माधुरी म्हणाली. "गुणाजीनं डब्यावर टिचकी मारून दाखवलं मला. मी लाव म्हणाले. वर वास दाबायला लिंबू टांगला पोरीच्या डोक्यावर. नकळत झालं असतं, तर मी शाल घेतली असती."

शिवदासनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी येऊ बरोबर?"

"नको. मी लावलाय, मी सांगते."

रविवारी ती कन्नमवारनगरला गेली. अक्षतानं दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. श्रुतिका आत वडिलांबरोबर चित्र रंगवत होती. "बसा ना ताई. चहा टाकते."

"चहा नको. श्रुतिकाच्या मम्मी, जरा बोलायचं होतं. बाहेर."

त्या दोघी जिन्याच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. माधुरीनं वाटेत सगळं मनात मांडलं होतं, कुठून सुरू करायचं, कसं सांगायचं. पण तोंड उघडलं तेव्हा शेवटचंच आधी आलं.

"श्रुतिकाला माझ्या गाडीच्या धुरानं झालं."

मग तिनं सायलेन्सर चोरीला गेल्यापासून सगळं सांगितलं. रिकाम्या डब्याचं, कायद्याचं, वासाचं, डोकं दुखतंय म्हणाली त्याचं, लिंबाचं. अक्षता ऐकत होती. आधी तिला कळलंच नाही. कळायला लागलं तसा तिचा कठड्यावरचा हात घट्ट होत गेला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि ती डोकं दुखतंय म्हणाली?"

"हो. मी दुधाचं विचारलं तिला."

"घरी पण म्हणाली होती," अक्षता म्हणाली. तिचा आवाज बदलला. "मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मी… मीच सांगितलं होतं ना तुम्हाला, काच लावा म्हणून."

"तुम्ही धुळीसाठी सांगितलं. तुमचं काही चुकलं नाही."

"ते मला नका शिकवू तुम्ही." हे ती एवढ्या जोरात म्हणाली, की आतून नवऱ्यानं विचारलं, काय झालं गं. अक्षतानं डोळे पुसले. "मी तुमचे हात धरले तिथं. सगळ्यांना तुमचं नाव सांगत सुटले. सत्काराचं पण मीच बोलले बाईंशी."

अक्षतानं जिन्यातून खाली पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे वळली.

"का सांगितलंत? नसतं सांगितलं तर मला कळलं पण नसतं."

"म्हणूनच," माधुरी म्हणाली.

अक्षता आत गेली आणि तिनं दार लावलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

सोमवारी माधुरीनं सुलक्षणाबाईंनाही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही फार अवघड करून ठेवलंत," त्या म्हणाल्या. "गाडी नियमात बसवा, आरटीओतून तपासून आणा, मग बघू. तोपर्यंत आमच्या गेटवर गाडी नको." सत्काराचा विषय त्यांनी काढला नाही, तिनंही नाही. तीन जानेवारीला शाळेतल्या लाउडस्पीकरचा आवाज तिच्या घरापर्यंत येत होता. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं आणि टाळ्या वाजल्या. माधुरीनं सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला आणि तांदूळ निवडायला बसली.

ग्रुपवर पुढे काय बोलणं झालं, तिला कळलं नाही. कारण तिला त्यातून काढलं होतं. दोघं-तिघं फोन करून वाटेल ते बोलले. तिनं मध्येच फोन ठेवला नाही, ऐकून घेतलं. एका बापानं मात्र विचारलं, "ताई, खरं सांगा, बाकीच्या गाड्यांचं काय आहे मग?" तिनं सांगितलं, "मला माहीत नाही. माझ्याबद्दल माहीत होतं."

जानेवारीअखेर गुणाजीचा फोन आला, की माल आलाय. तिच्या समोर त्यानं जुना सायलेन्सर उतरवला आणि नवा चढवला. "हा बघ," म्हणून त्यानं डब्यावर ठोकलेला नंबर दाखवला. माधुरी गाडीखाली सरकली आणि त्या नंबरावरून तिनं बोट फिरवलं.

"ह्या लोकलचं काय करू?" गुणाजीनं विचारलं. "चांगला आहे अजून. कुणाची तरी नड भागेल."

"माझ्यासमोर चेप."

"अगो, फुकट जाईल."

"जाऊ दे."

गुणाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग घण उचलला. दोन-चार घावांत तो डबा कागदासारखा चपटा झाला. घण खाली ठेवून गुणाजी म्हणाला, "मीच दिला होता गो." ती म्हणाली, "हो. आणि मी घेतला." एवढंच बोलणं त्यांच्यात झालं.

आरटीओतल्या साहेबांनी गाडी तपासली. तिनं आग्रह धरला म्हणून खाली वाकून पाहिलं आणि सही केली. शाळेनं पुन्हा गेटवर उभं राहू दिलं. पण रांगेतली तिची जागा गेली होती. आता ती सगळ्यात शेवटी, वळणावर उभी राहायची. मुलंही निम्मी राहिली. कन्नमवारनगरच्या स्टॉपवर आता कुणी नव्हतं. तरी सवयीनं ती तिथूनच जायची. कधी श्रुतिका आईच्या स्कूटरवर मागे बसलेली दिसायची, तोंडाला रुमाल बांधलेली. माधुरी मान वळवून सरळ पुढे बघायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती तिथून जात होती, तेव्हा रस्त्याच्या कडेला अक्षतानं हात केला. शेजारी श्रुतिका उभी होती, आणि स्कूटर स्टँडवर लावलेली, बंद पडलेली. माधुरीनं गाडी थांबवली.

अक्षतानं पर्स श्रुतिकाच्या हातात दिली, ऑफिसचा इस्त्रीचा कुर्ता सावरला आणि रस्त्यावर गुडघा टेकून व्हॅनखाली वाकली. गाडीखालचं तिला काय कळणार होतं? पण बराच वेळ ती तशीच वाकून बघत राहिली. मग उठली, गुडघ्यावरची माती झटकली.

"पुढे बस," तिनं श्रुतिकाला सांगितलं. आणि स्वतः मागचं दार उघडून श्रुतिकाच्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"मावशी," श्रुतिका शेजारी बसत म्हणाली, "तुम्ही इतके दिवस कुठं होता?"

"इथंच होते गं."

गाडी निघाली. वाटेत आणखी तीन मुलं चढली आणि ही कोण काकू, म्हणून अक्षताकडे बघत राहिली. सर्व्हिस रोडला पुन्हा गाड्या तुंबल्या होत्या. माधुरीनं आरशात पाहिलं. अक्षतानं डोळे मिटले होते आणि ती सावकाश, लांब श्वास घेत होती. पुन्हा, पुन्हा. रांग हलेपर्यंत माधुरीनं आरशाकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

शाळेच्या वळणावर गाडी थांबली. मुलं उतरली. अक्षता शेवटी उतरली. तिनं श्रुतिकाचा चष्मा रुमालानं पुसून तिच्या डोळ्यांवर ठेवला, गेटपर्यंत सोडून आली. परत येताना ती खिडकीपाशी क्षणभर थांबली. मग तिनं फक्त पर्स खांद्यावर नीट केली आणि मेट्रो स्टेशनच्या दिशेनं चालू लागली.

उद्या यायचं का, हे माधुरीनं विचारलं नाही. तिनं गिअर टाकला, पण गाडी लगेच पुढे काढली नाही. अक्षताला रस्ता ओलांडायचा होता. ती पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत माधुरी तिथंच उभी राहिली.